सुलतानपूरचं सुतक

बोरनांदच्या सोंगांत विकतचं काही नव्हतं. ज्या त्या घराला मान लावून दिलेला. मशालीचं तेल पुंजाजीच्या घरचं. डफाला आणि संबळाला कातडं मोतीरामच्या घरचं. नरसिंहाच्या खांबाचे बांबू खालच्या आळीचे. तीन रात्री सोंगं नाचली, की चौथ्या दिवशी सगळ्या सोंगाड्यांना पुरणाची पंगत पडायची, ती महादेवराव शेळक्याच्या घरची. आणि मुखवट्यांची पेटी, रंग, झुली आणि तीन दिवसांच्या दशम्या रुखमाबाईच्या घरच्या. बाहेरगावचा माणूस विचारायचा, एवढा खर्च हे लोक गळ्यात का घेतात. त्याला काय सांगणार. कामाला हाक मारली तर बोरनांदचा माणूस शेतात जाऊन बसेल, पण मान दुसऱ्या घरी गेला तर तीन पिढ्या बोलणार नाही.

रुखमाबाईला सगळं गाव मोठीमाय म्हणायचं. पेटी तिच्या सासऱ्याने केलेली, सागवानी, लोखंडी पट्ट्यांची. मुखवट्याला बाईचा हात लागत नाही, त्यातून ती विधवा. पण किल्ली तिच्या कमरेला होती, आणि किल्लीला सुतक, सोयर, बाई, बुवा काही नसतं. शाळेत ती एक पावसाळा गेली होती. सही करायची झाली तर ‘र’ काढून थांबायची आणि बाकीचं कारकुनाने समजून घ्यायचं. सोंगांची पदं मात्र सगळी तिला तोंडपाठ. पारावर हिरण्यकश्यपूने एखादा शब्द गाळला, की बायकांतून आवाज यायचा, “खाल्ला रे. थुंक नि पुन्हा म्हण.” तिचा मुलगा उत्तमराव शेतीत चांगला होता, पण सुराच्या बाबतीत ठार बहिरा. पदाचा सूर त्याला बैलाच्या हंबरण्यापेक्षा वेगळा कधी वाटला नाही. म्हणून सासऱ्यामागे नवऱ्याकडे आणि नवऱ्यामागे तिच्याकडे, असा सोंगांचा कारभार आला तो तिथेच राहिला.

नरसिंहाच्या मुखवट्याची एक रीत होती. वर्षातून एकदा, चैत्री पुनवेला, तो माणसाच्या तोंडावर चढलाच पाहिजे. एक साल चुकलं, की येणाऱ्या अमावास्येला त्याला नदीत सोडायचं. न बांधलेला मुखवटा घरात ठेवत नाहीत. ओढ्यापलीकडच्या गावाने गेल्या साली त्यांचा सोडला होता. पुढच्या साली नवा करू म्हणाले होते. कोण करतो.

सन एकतीसचा तो चैत्र. सरकार नागपुरात, तहसील चिखलीत आणि कापसाचा भाव विलायतेत, अशी बोरनांदची दोरी तीन जणांच्या हाती होती, आणि तिघांतल्या एकानेही बोरनांद पाहिलेलं नव्हतं. दोन सालांपूर्वी मलकापूरच्या बाजारात ज्या कापसाच्या गाड्यांपुढे अडते धावत यायचे, त्याच गाड्या आता दोन-दोन दिवस उन्हात उभ्या राहायच्या. लोक उपाशी नव्हते. पेवांत ज्वारी होती, भाजीला अंबाडी होती. पण जे दुकानातून आणायचं ते थांबलं. गूळ थांबला, गहू थांबला, बाळंतिणीचा डिंक थांबला.

पाडवा झाला आणि तिसऱ्या दिवशी पुंजाजी ओट्यावर येऊन बसला. बराच वेळ त्याने पटक्याचं टोक पिळलं.

“काकू, घाण्याचा बैल लंगडून राह्यला. यंदा तेलाचं काही खरं नाई.”

“बैल लंगडतो,” रुखमाबाई म्हणाली, “मंग तुही जीभ काऊन लंगडून राह्यली?”

पुंजाजी ओशाळून हसला आणि गेला. तिसऱ्या प्रहरी तिने तो बैल विहिरीकडे जाताना पाहिला. नवरदेवासारखा चालत होता. दुसऱ्या दिवशी मोतीरामचा निरोप आला, सासू आजारी आहे, कातडं आणायला जाता येत नाही. मोतीरामची सासू जाऊन सहा वर्षं झाली होती. रुखमाबाईच स्वतः तिच्या तेरवीला जेवून आली होती. पण एवढ्या तेवढ्याला ती हलणारी नव्हती. जुनी कातडी शेकली की वाजतात, तेल घरच्या बुधल्यात होतं. पंगत मात्र महादेवराव करील, असं ती धरून चालली होती. शेळक्यांचं घर मोठं, आणि महादेवराव मागे हटणाऱ्यातला नव्हता.

सप्तमीला सकाळी निवृत्ती आला. महादेवरावाचा पुतण्या. सव्वीस वर्षांचा, मानेने जाड. नरसिंहाचा मुखवटा पाच शेर वजनाचा, तो पेलून नाचायचा म्हणजे तशीच मान लागते. हा मान शेळक्यांच्या भावकीत होता. मुखवटा बांधणाऱ्याने पाडव्यापासून पुनवेपर्यंत एकदाच जेवायचं, अनवाणी राहायचं, घोंगडीवर निजायचं. निवृत्तीचे सहा दिवस झाले होते. तो ओट्याखालीच उभा राहिला.

“वर ये ना बे. ओट्याले काटे लागले का?”

“नाई, मोठीमाय. आमच्या घरी सुतक आलं.”

“कोन गेलं?”

“सुलतानपूरचे तुळशीरामबुवा. काका काल मलकापूरहून कापूस देऊन आले. तठी ठेसनावर सुलतानपूरचा कोनी माणूस भेटला, त्यानं सांगतलं.”

तुळशीराम शेळके म्हणजे पाचव्या पिढीचा भाऊबंद. सुलतानपूर पार लोणारकडे, गाडीने दोन मुक्काम. बोरनांदचे शेळके तिकडे दहा वर्षांत कोणी गेले नव्हते. पण भाऊबंद तो भाऊबंद. दहा दिवस.

“बरा माणूस होता,” रुखमाबाई म्हणाली. “माह्या लग्नात अकरा लाडू खाल्ले होते त्यानं.”

निवृत्ती तिथेच उभा. पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता.

“काका म्हणते, सुतकात पंगत होत नाई, गावाले सांगून दे. म्या म्हटलं, काका, पंगतीचं जाऊ द्या, मुखवट्याचं काय? दहा दिवसांत त पुनव येते. तवा थे माह्याकडे पाहतच राह्यले. त्याइच्या ध्यानातच आलं नव्हतं.”

रुखमाबाईच्याही आत्ताच ध्यानात आलं. अकरा सोंगाड्यांतले सहा शेळके. नरसिंह शेळके, हिरण्यकश्यपू शेळके, गणपतीची सोंड धरणारा शेळके. सुतक असलेल्या हाताने मुखवट्याला शिवायचं नाही. महादेवराव एक पंगत अडवायला गेला आणि अख्खी पुनव अडवून बसला.

“मोठीमाय, मुखवटा सोडावा लागन का?”

“तू जेवत राह्य एकडाव. घोंगडी सोडू नोको,” ती म्हणाली. “सोडायचं मी पाहतो.”

वऱ्हाडात बाया बोलताना ‘पाहतो’, ‘जातो’ म्हणतात. पण तिच्या तोंडी ते तसं ऐकू यायचं नाही. कोणी पाटील बोलतोय असंच वाटायचं.

नवमीला अमडापूरचा बाजार. तिने उत्तमरावाला गाडी जुंपायला लावली. अमडापूरच्या जोशीबुवांना विचारायचं होतं, पाचव्या पिढीच्या भाऊबंदाला दहा दिवस धरायचे की तीन. काही पोथ्यांत तीन सांगतात, असं तिने कुठेतरी ऐकलं होतं. तीन निघाले तर पुनव मोकळी होते.

जोशीबुवांच्या घरी जायची वाट मिरच्यांच्या ओळीतून. तिथे एक उंच म्हातारा मिरचीवालीशी हुज्जत घालत होता. डाव्या कानात भिकबाळी, आवाज सगळ्या बाजाराला पुरेल असा. रुखमाबाईने पदर सारखा केला आणि पुढे चालू लागली. म्हाताऱ्याने वळून पाहिलं.

“वयनी. ओयखलं नाई का?”

तिने ओळखलं होतं. म्हणूनच ती पुढे चालली होती. मेल्याचं कानावर आलेला माणूस बाजारात मिरच्या घेताना दिसला, तर शहाण्या बाईने आधी चार पावलं चालून विचार करावा.

“तुळशीरामबुवा,” ती म्हणाली. “तुमी अठी कसे?”

“लेक दिली हाये ना अठी. बाळंतपणाले आली होती तिची माय, तिले न्यायले आलो. पाच दिवस झाले.”

“तब्येत?”

“आता बरी हाये. पौषात खोकला धरला होता, गावानं त लाकडंबी मोजून ठेवली होती. पन वाचलो.” तो खूश होऊन हसला. “अन् पुनवेले तुमच्या सोंगाले येऊन राह्यलो. लय वर्षं झाली. महादूकडेच उतरीन.”

“या,” रुखमाबाई म्हणाली. “महादूले लय आनंद होईन.”

जोशीबुवांकडे ती गेलीच नाही. परत येताना उत्तमरावाला हसू आवरेना. बैलांना हाकता हाकता तो मध्येच थांबून मांडीवर थाप मारायचा.

“उद्या पारावर सांगतो म्या. महादेवरावाचं तोंड पाह्यजो. जित्या माणसाले पोचवून आला लेकाचा.”

“तू तोंड उघडलं त याच गाडीखाली घालीन तुले.”

“काऊन? त्यानं खोटं सांगतलं ना?”

खरं तर रुखमाबाईलाच सगळ्यांत आधी बोलायचं होतं. ओढा येईपर्यंत महादेवरावाला ऐकवायची सहा वाक्यं तिच्याकडे तयार होती, आणि एकेक अशी, की गावाने ती नातवंडांना सांगावीत. पण शेळक्यांना ती चाळीस वर्षं ओळखत होती. पारावर ही गोष्ट फुटली, की महादेवराव पुन्हा पाराची पायरी चढणार नाही. त्याच्यामागे सहाच्या सहा जातील. पेटीत मुखवटे राहतील, आणि बांधायला तोंडं राहणार नाहीत.

आणि तो खोटं का बोलला हे तिला दिसतच होतं. सप्तमीच्या आदल्या दिवशी मलकापूरहून त्याची गाडी आली तेव्हा ती पाणवठ्यावर होती. मलकापूरहून येणाऱ्या गाडीपुढे पोरं धावतात, बत्तासे मिळतात म्हणून. त्या दिवशीही धावली. महादेवरावाने गाडी थांबवली नव्हती. तिला तेव्हा वाटलं होतं, थकला असेल. आता पुंजाजीचा बैल, मोतीरामची सासू आणि सुलतानपूरचा तुळशीराम असे तिघे तिच्या डोळ्यांपुढे रांगेत उभे राहिले. गावात आजार एकच होता, आणि ज्या त्या घराने त्याला आपापलं नाव ठेवलं होतं. ‘यंदा आमच्याकडे नाही’ हे तीन शब्द बोलायची बोरनांदात कोणाची छाती नव्हती. त्यापेक्षा माणूस मारणं सोपं.

कोणीतरी ते आधी बोलायला हवं होतं. पुंजाजी बोलला तर लोक म्हणतील, त्याच्याकडे पहिलं तरी काय होतं. महादेवराव जीव गेला तरी बोलणार नाही. आणि ज्या घराने बोलल्यावर बाकीच्यांना कमीपणा वाटणार नाही, असं घर गावात एकच होतं. गाडी शिवेत शिरली तेव्हा रुखमाबाईला हे कळून चुकलं होतं, आणि तिचं तोंड कडू झालं होतं. तिच्या पेवात दोन सालांची ज्वारी होती. गहू होता. सासऱ्यापासून त्या घराने ‘नाही’ असं कधी कोणाला म्हटलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती शेळक्यांकडे गेली. महादेवराव ओसरीत घोंगडीवर बसलेला, दाढी वाढलेली, डोक्याला पटका नाही. सुतक अगदी रीतसर चाललं होतं. आत त्याची बायको अन्नपूर्णाबाई चुलीपाशी. काल रामनवमी होती, पण त्या घरी देवापुढे दिवा लागलेला नव्हता.

रुखमाबाई ओट्याच्या कडेला बसली.

“महादू, तुह्या सुतकाचं विचारावं म्हून काल जोशाकडे निघाली होती.”

“काय म्हनले?”

“जोशापर्यंत पोचलीच नाई. बाजारात सुलतानपूरचं माणूस भेटलं.”

महादेवराव हातातली काडी मोडत होता, तो थांबला. त्याने मान वर केली नाही. सहाही वाक्यं तिच्या जिभेवर येऊन उभी राहिली. तिने आढ्याकडे पाहिलं.

“त्या गावात तुळशीराम दोन हायेत म्हणे,” ती म्हणाली. “एक आपला, एक दुसऱ्या आडनावाचा. ज्यानं तुले सांगतलं त्यानं नुस्तं नाव घेतलं असन. ठेसन हाये ते. गाडीचा गोंगाट. अर्धं ऐकू येते, अर्धं नाई.”

महादेवराव तिच्याकडे पाहत राहिला. ती आढ्याचं तिसरं लाकूड पाहत होती. वाळवी लागली होती त्याला.

“तसंच झालं असन,” तो शेवटी म्हणाला.

“आपला तुळशीराम धडधाकट हाये. अमडापूरले लेकीकडे आला. पुनवेले सोंगाले येतो म्हणे. तुह्याच घरी उतरनार.”

अन्नपूर्णाबाई पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली. “काकू, खरंच जिते हायेत?” तिला बिचारीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तीन दिवस ती मनापासून सुतक पाळत होती. आता ती त्या स्टेशनवरच्या माणसावर घसरली. “मुडद्यानं काय ऐकलं नि काय सांगतलं. जीभ झडो त्याची. रामनवमी बुडवली माह्या घरची. असल्या माणसाले पायताणानं हाणलं पाह्यजे. नाई का हो?”

“हाव,” महादेवराव म्हणाला.

“लबाड कुठचा. त्याच्या घरचे असे मारून पाह्यले असते म्हणा.”

“हाव,” महादेवराव पुन्हा म्हणाला. रुखमाबाईने अन्नपूर्णाबाईला मुळीच अडवलं नाही. जे तिला स्वतःला बोलता येत नव्हतं ते फुकटात बोललं जात होतं. सहापैकी चार तरी वाक्यं त्यात येऊन गेली.

अन्नपूर्णाबाई दिवा लावायला आत गेली. मग रुखमाबाई खालच्या आवाजात म्हणाली, “आता माहं ऐक. मी दुसऱ्याच कामाले आली. यंदा माह्या घरी जमत नाई.”

“काय जमत नाई?”

“रंग, झुली, तीन दिवसांच्या दशम्या. सारं माह्या घरचं. यंदा नाई होत. गावाले कसं सांगू हे मले समजत नाई. तू भावकीत मोठा हायेस, तुले विचारावं म्हटलं.”

महादेवराव ताठ बसला. बघता बघता त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. खुंटीवरचा पटका काढून त्याने डोक्याला गुंडाळला.

“अवं काकू, त्यात काय लाजायचं. साल कसं हाये ते काय कोनाले ठाऊक नाई? आमी सांभाळून घेऊ. तीन दिवसांचं एकाच दिवसात करू. दशम्या ज्यानं त्यानं आपल्या घरून आनाव्या.” तो थोडा थांबला. “अन् पंगतबी राहू द्या. तुमच्या घरी अशी येळ असताना आमी पुरण कोन्या तोंडानं खावाव.”

“मन मोठं हाये तुहं,” रुखमाबाई म्हणाली. हे वाक्य बाहेर काढायला तिला जेवढा जोर लागला, तेवढा पाचही लेकरांना लागला नव्हता.

संध्याकाळी पारावर माणसं जमली. बायका पारावर चढत नाहीत. ती खाली कडुनिंबापाशी पदर घेऊन उभी राहिली आणि जे सकाळी बोलली तेच सगळ्यांपुढे बोलली. एक-दोघांनी उत्तमरावाकडे पाहिलं. त्याने जमिनीकडे पाहिलं. ते काम त्याला चांगलं जमायचं.

“एकाच रात्रीचं करायचं, त तेल किती लागन?” पुंजाजीने हळूच विचारलं.

“तेल कायले?” रुखमाबाई म्हणाली. “निवृत्ती, नरसिंह कवा निघाला? पोथीत काय हाये?”

“ना दिवसा, ना राती. दिवेलागणीले.”

“मंग आपण त्याले तिसऱ्या पहाटे काऊन काढतो?”

चाळीस वर्षं काढत होते म्हणून काढत होते. शेवटी मोतीराम म्हणाला, “मशाली असतात म्हून.”

“म्हणजे पुंजाजीच्या तेलापायी देव रात्रभर खांबात खोळंबला,” ती म्हणाली. “यंदा त्याले त्याच्या येळेवर निघू द्या.”

पार हसला. पुंजाजी सगळ्यांत जास्त हसला. आणि हसून झाल्यावर, कोणी विचारलेलं नसताना, तो म्हणाला, “खरं सांगू का, यंदा आमच्याकडेबी तसंच हाये.” मोतीराम म्हणाला, “आमच्याकडे काय दुसरं हाये?” सासूचं नाव त्याने घेतलं नाही. खालच्या आळीचा एक जण म्हणाला, बांबू जुनेच वापरू. इतकं सोपं होतं ते.

एका म्हाताऱ्याने मात्र खरी अडचण काढली. उजेडात सोंग उघडं पडतं. मशालीत कागदाचा खांब दगडाचा दिसतो, उन्हात कागद तो कागदच.

“हाव,” रुखमाबाई म्हणाली. “आतापर्यंत अंधारानं तुमच्या चुका झाकल्या. आता पाच दिवस हायेत. उद्यापासून माह्या अंगणात, भर उन्हात.”

ते पाच दिवस तिने कोणाला सुखाने बसू दिलं नाही. हिरण्यकश्यपूचे हात कुठे जातात, गणपती वळताना धोतर का सांभाळतो, शारदेचा मोर पाय ओढत का चालतो, सगळं तिने उघड्या डोळ्यांनी पाहिलं आणि उघड्या तोंडाने सांगितलं. मोराला तिने इतकं चालवलं की तो रडायला आला. “मोर रडत नाई,” ती म्हणाली, “पुन्हा ये.” खांबाचे जोड तिने सुनेकडून गेरूने बुजवून घेतले. खांबाला बाईचा हात चालतो.

पुनवेला ऊन कलल्यावर सोंगं उभी राहिली. तुळशीराम सकाळीच आला होता. महादेवरावाने त्याला मिठी मारली आणि सोडीचना. म्हाताऱ्याला समजेना, पाचव्या पिढीच्या भाऊबंदाला आपल्यासाठी एवढं रडू कसं आलं. त्याला पुढे जाजमावर बसवलं. तो मोठ्याने बोलत होता आणि अन्नपूर्णाबाई त्याला पुन्हा पुन्हा सांगत होती, तुमच्या गावचा तो दुसरा तुळशीराम गेला म्हणे. “कोन दुसरा?” तो विचारायचा. तेवढ्यात डफ जोरात वाजायचा. मोतीरामला रुखमाबाईने तसं सांगून ठेवलं होतं.

म्हाताऱ्याचं म्हणणं खरं ठरलं. गणपतीच्या सोंडेची शिवण दिसली. हिरण्यकश्यपूची मिशी घामाने एका बाजूला आली, पोरं हसली. पण त्याने पदाचा एक शब्द खाल्ला नाही, आणि दुसऱ्या पदाला पोरं मिशी विसरली. मोर पाय उचलून चालला. रात्री अर्धं गाव पेंगत असायचं, आज सगळे जागे होते, आणि एकमेकांची तोंडं एकमेकांना दिसत होती.

मग सूर्य टेकला. ना ऊन, ना अंधार, अशी जी घटकाभर वेळ असते ती आली. खांब फाटला आणि निवृत्ती बाहेर आला. मशालीत त्या मुखवट्याचा लाल रंग दरवर्षी चकाकायचा. आज तो चकाकला नाही, काळपट दिसला, आणि डोळे नेमके कोणाकडे पाहतात ते कळेना. ज्याला त्याला वाटलं, माझ्याकडे. पुढच्या रांगेतला तुळशीराम बोलायचा थांबला. रुखमाबाईने चाळीस वर्षं ते सोंग पाहिलं होतं. तिला त्यात त्या दिवशी काढायला एकही चूक सापडली नाही, म्हणून ती जराशी अस्वस्थ झाली.

नंतर सगळ्यांनी आपापली फडकी सोडली. कोणाची भाकर, कोणाच्या कण्या, कोणाचा ठेचा. ज्याच्याकडे काहीच नव्हतं तो शेजाऱ्याच्या फडक्यात हात घालून बसला आणि कोणी पाहिलं नाही. मुखवटा पुसून पेटीत गेला. किल्ली कमरेला आली.

पण बोललेला शब्द गावात राहिला. रुखमाबाईचं घर बसलं, असं दोन दिवसांत पाणवठ्यावर सुरू झालं. सून घागर आपटून म्हणाली, “सासूबाई, आपलं पेव भरलेलं हाये, अन् बाया मले वाईट वाटते म्हणून राह्यल्या.”

“मंग त्याइले वाईट वाटू दे. तुहं काय जाते?”

तिसऱ्या दिवशी अन्नपूर्णाबाई आली. पदराखाली सूप, सुपावर फडकं. ओट्यावर न बसता ती सरळ आत आली आणि फडकं काढलं. दोन पायल्या गहू होता.

“काकू, राग नोका मानू. तुमी कोनाले मागणार नाई, मले ठाऊक हाये. घरात पोरं हायेत. आमच्याकडे थोडा होता.”

थोडा होता म्हणजे किती, हे रुखमाबाईला न विचारता समजत होतं. पंगत झाली नाही म्हणून जो उरला तो हा. तिच्या पाठीमागच्या खोलीत याच्या दसपट गहू कणगीत होता. सून दाराशी उभी राहून लाल झाली होती, तोंड उघडायच्या बेतात. रुखमाबाईने तिच्याकडे एकदा पाहिलं.

नको म्हटलं, तर पारावरचं बोलणं खोटं ठरत होतं. ते खोटं ठरलं की सुलतानपूरचा दुसरा तुळशीरामही खोटा. मग पुढल्या पाडव्याला बोरनांदच्या घराघरात पुन्हा बैल लंगडले असते आणि पाहुणे मेले असते. गहू परत कसा करायचा ते पुढे पाहता येईल. शेळक्यांकडे वैशाखात लग्न होतं, आहेरात काय काय येतं ते कोणी निवडून पाहत नाही.

“ठेव,” ती म्हणाली.

सून सूप घेऊन आत गेली आणि रिकामं करून आली. भांडं रिकामं परत करत नाहीत. मूठभर दाणे, चार मिरच्या, नाहीतर गुळाचा खडा, काहीतरी घालायचं. रुखमाबाई सवयीने मागच्या खोलीतल्या कणगीकडे वळली. अन्नपूर्णाबाईने तिचा हात धरला.

“राहू द्या काकू. रिकामंच असू द्या.”

रिकामं सूप घेऊन ती गेली. त्या घरातून तसं बाहेर पडलेलं ते पहिलंच. रुखमाबाई ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत ओट्यावर उभी राहिली. मग आत आली, परातीतला गहू बोटांनी पसरून पाहिला आणि सुनेला म्हणाली, “खडे हायेत लय. नीट निवडून घे.”